शेवंताचं दळण

गवराबाईंचं लुगडं भिजत घालण्याआधी इंदूनं सवयीनं पदराची गाठ चाचपली. म्हातारीच्या गाठीत सुपारीचं खांड, लवंग, कधी देवळातला अंगारा असं काहीबाही असायचं. त्या दिवशी गाठीतून निघाला चपातीचा तुकडा. दोन बोटं रुंद, वाळून कडक झालेला. तो तळहातावर घेऊन इंदू मोरीत तशीच उभी राहिली.

आता चपातीचा तुकडा म्हणजे काही अफू नव्हे. दुसऱ्या कुणाच्या घरात सापडला असता तर बाईनं तो चिमण्यांना टाकला असता आणि विसरून गेली असती. पण मारुतरावांच्या घरात त्या वर्षी चपातीचं नावसुद्धा जपून काढावं लागे, आणि त्याला कारणही तसंच होतं.

मारुतराव मूळचे कुरुळीचे, चाकणच्या अलीकडच्या गावचे. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्यांनी शेती धाकट्या भावाच्या हवाली केली आणि नोकरी धरली. कारखान्याजवळ दोन खोल्या मिळाल्या. आई गवराबाई, बायको इंदू आणि लेक शेवंता, असा संसार तिथं आला. पगार वेळेवर हातात पडू लागला तशी घरातली भाकरी मागं सरली आणि चपाती पुढं आली. कारखान्यातल्या माणसानं डब्यात बाजरीची भाकरी काय न्यायची, असं मारुतरावांना वाटे. इंदू तळेगावची, सातवी पास, हाताला चव असलेली. तिच्या चपात्यांचं शेजारीपाजारी नाव झालं. आणि त्याच सुमारास चार वर्षांची शेवंता वाळायला लागली.

हातपाय काड्या झाले, पोट तेवढं नगाऱ्यासारखं. दिवसातून कितीदा तरी पोरगी परसाकडं पळायची आणि येऊन भिंतीला टेकून किरकिरत बसायची. दृष्ट काढून झाली, जंताचं औषध झालं, आळंदीच्या एका वैद्याच्या पुड्या झाल्या. जी बाई बघायला यायची ती एकच सांगायची, पोरीत जीव नाही, गव्हाचं सत्त्व दे. इंदूनं मग त्यात काही कसर ठेवली नाही. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, खाली बसलेला गाळ उन्हात वाळवायचा आणि दुधागुळात शिजवून सकाळी वाटीभर पोरीला भरवायचा. शेवंता तोंड फिरवायची. इंदू गोष्टी सांगून, प्रसंगी नाक दाबून, वाटी रिकामी करायची आणि मगच स्वतः चहा घ्यायची.

शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात विलायतेहून नुकताच शिकून आलेला एक तरुण डॉक्टर भेटला. बाकीचे डॉक्टर पोरीची जीभ बघायचे, यानं ती सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाते ते विचारलं. मग म्हणाला, "या दुखण्याला सिलिअॅक म्हणतात. तिकडं नुकतंच लक्षात आलंय, अशा मुलांच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू बंद करा."

"किती दिवस?" मारुतरावांनी विचारलं.

"कायमचा. सणावाराला नाही, चवीपुरताही नाही. याला औषध नाही, पथ्य हेच औषध."

मारुतराव सगळ्या देशाला औषध पुरवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. ते खाली मान घालून ऐकत राहिले. इंदूनं मात्र चाचरत विचारलं, "आणि गव्हाचं सत्त्व?"

"तेच आधी बंद करा," डॉक्टर म्हणाला. तो काही वाईट मनानं बोलला नव्हता. पण परतीच्या वाटेवर ते इंदूच्या मनातून जाईना. ज्या वाटीवर तिचा सगळा भरवसा होता, त्याच वाटीनं पोरीचं आतडं सोललं होतं. आईच्या हातून असं होऊ शकतं, तर मग दुसऱ्या कुणाच्या हाताची खात्री काय द्यायची? संशयानं तिच्या मनात घर केलं ते त्या दिवशी.

गवराबाईंना डॉक्टरचं म्हणणं पटलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "गव्हानं कुटं कुनाला बाधतंय?" त्या म्हणाल्या. "आमच्या वक्ताला सणाला सुदिक गहू मिळत नव्हता. आन् आता म्हनं गहू इख हाय." तरी शेवंतासाठी ज्वारीची भाकरी सुरू झाली. ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन गवराबाई स्वतः सोपानरावांच्या गिरणीत जायच्या आणि दळून आणायच्या. श्रावण सरला तेव्हा पोरीच्या गालावर मूठभर मांस आलं होतं. ती अंगणात सागरगोटे घेऊन बसू लागली. इंदूनं देवापुढं साखर ठेवली.

एवढ्यावर सगळं सुरळीत चालायला हवं होतं. पण एका दुपारी शेजारच्या कुशाबाईंशी बोलताना गवराबाईंच्या तोंडून निघून गेलं, "येवढासा कुटका खाल्ला तर काय हुतंय? मास्तरासारखं सांगतोय डाक्टर." इंदू दाराआड तांदूळ निवडत होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवसापासून पोरीच्या जेवणाला सासूचा हात लागू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. पीठ तिनं स्वतःच्या खाटेखाली ठेवलं, शेवंताची ताटली वेगळी केली आणि गिरणीचा डबाही म्हातारीच्या कमरेवरून काढून घेतला.

"आत्याबाई, तुमचे गुडघे दुखतात. मी जाते आता," असं ती म्हणाली. गवराबाईंचे गुडघे दुखत नव्हते. दोघींनाही ते ठाऊक होतं.

गिरणीत इंदूनं सोपानरावांना बजावलं, "आमच्या मुलीचं दळण सगळ्यांपेक्षा वेगळं ठेवा. बाकीच्यांच्या ज्वारी-बाजरीबरोबर नको. अगदी स्वच्छ हवं. पोटाची नाजूक आहे पोरगी." गव्हाचं नाव तिनं काढलं नाही. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचं. पोरीला जन्माचं दुखणं आहे हे गिरणीत सांगणं म्हणजे पाच गावांत दवंडी पिटणं. सोपानराव भला माणूस. "इंदुताई, काळजी सोडा. माझ्या लेकीचं समजून दळतो," तो म्हणाला.

आणि दसऱ्याच्या सुमारास शेवंता पुन्हा घसरली. पोट फुगलं, डोळे खोल गेले, सागरगोटे कोपऱ्यात पडले. इंदूला नवल वाटलं नाही. तिला हेच होणार हे ठाऊक होतं, फक्त पुरावा हाती लागायचा होता. तो आता लुगड्याच्या गाठीत सापडला.

मारुतराव पहिल्या शिफ्टहून आले तेव्हा तुकडा चुलीसमोरच्या पाटावर ठेवलेला होता. गवराबाई भिंतीशी बसल्या होत्या. इंदूनं नवऱ्याला हातपायही धुवू दिले नाहीत.

"हे आत्याबाईंच्या गाठीत होतं," ती म्हणाली.

"गाईला ठेवला व्हता," गवराबाई म्हणाल्या. "कुशाबाईची गाय येती न्हवं दारात. काल मी जाऊस्तोवर ती चराया गेली, म्हून गाठीतच ऱ्हायला."

"रोज ठेवता गाईला?"

"रोज ठेवती. तुझ्या लग्नाच्या आदीपास्नं ठेवती."

"मग पोरगी अशी का झाली? पीठ मी आणते, भाकरी मी करते, भरवते मी. घरात आहे कोण दुसरं?"

गवराबाई भिंतीपासून सरळ झाल्या. "म्हंजे मी माझ्या नातीला मारती, असं म्हन की."

"मारत नाही. लाड करता," इंदू म्हणाली. "मारणाऱ्याला निदान कळतं तरी आपण काय करतोय ते."

हे फार झालं. मारुतराव मध्ये बोलायला हवे होते. पण पोरगी कोपऱ्यात पडून होती, तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि खरं कोणाचं हे त्यांना कळत नव्हतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभे राहिले. गवराबाईंनी लेकाच्या तोंडाकडं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्या उठल्या. इंदूला "काही दिवस कुरुळीला जाऊन राहा" असं म्हणायची गरजसुद्धा पडली नाही, तरी ती ते म्हणालीच. दुसऱ्या दिवशी मारुतराव आईला भोसरीला नेऊन नाशिक रोडच्या एस.टी.त बसवून आले. जाताना म्हातारीनं शेवंताच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिला जवळ घेतलं नाही.

घरातून गहू पार हद्दपार झाला. मारुतरावांच्या डब्यात भाकरी गेली, सणाचा शिरा बंद झाला, रव्याचा डबा इंदूनं कुशाबाईंना देऊन टाकला. आता सुटलो, असं तिला वाटलं. रोज सकाळी कुशाबाईंची गाय दारात येऊन उभी राहायची, मान वाकवून उंबऱ्याकडं बघायची. म्हातारी खरं बोलत होती हे त्या गाईनं रोज येऊन सांगितलं. इंदूला ते समजलं नाही असं नव्हे. पण तुकडा गाईला गेला म्हणून पोरीला गेला नाही असं कुठं ठरतं, असा विचार करून तिनं गाईला हाकललं. ज्याला संशय घ्यायचाच आहे त्याच्यापुढं गाय काय, खुद्द देव येऊन उभा राहिला असता तरी त्यालाही उलटतपासणी चुकली नसती.

पण शेवंता सुधारेना. उलट आणखी वाळली. सासू गेली, गहू गेला, आणि दुखणं घरातच राहिलं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे इंदूला दिसत होतं. मग तिची नजर नवऱ्याकडं वळली. मारुतराव झोपले की ती त्यांच्या सदऱ्याचे खिसे उलटे करून बघायची, कॅन्टीनमधलं बिस्कीट तर आणत नाहीत ना. कुशाबाई पोरीला हाक मारायला लागल्या तर ती दार लावून घ्यायची. दोन बायका नळावर हसल्या तरी तिला वाटे, यांना काहीतरी ठाऊक आहे. आणि शेवंता अंगणातून आत आली की इंदू तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावायची, आत बोट फिरवून वास घ्यायची. पुढं पुढं तर सांगावंही लागेना. आई समोर आली की पोरगी आपणच तोंड उघडून उभी राहायची. ते बघून मारुतरावांना भरून यायचं, पण बोलायची त्यांची छाती नव्हती. आईच्या वेळी गप्प बसलेल्या माणसाला आता कोणत्या तोंडानं बोलता येणार होतं?

डॉक्टरनं पुन्हा वजन केलं आणि त्याचा चेहरा उतरला. "कुठून तरी गहू पोटात जातोय," तो म्हणाला. "नीट शोधा. अशीच घसरत राहिली तर हिवाळा काढणं अवघड आहे."

"घरात गव्हाचा दाणा नाही," इंदू म्हणाली.

"मग घराबाहेर बघा."

घराबाहेर. पोरगी घराबाहेर काही खात नव्हती. बाहेरून घरात काय येतं, याचा विचार करत इंदू एस.टी.त बसून राहिली. दूध गवळ्याचं, ते समोर काढलेलं. गूळ, तांदूळ, भाजी. आणि पीठ. पिठापाशी तिचं मन अडकलं, आणि लगेच भलत्याच वाटेला लागलं. म्हातारी जायच्या आधी सोपानरावांना काही सांगून तर गेली नसेल? गिरणीवाल्याची आणि तिची जुनी ओळख. 'पोरीच्या पिठात थोडं गव्हाचं टाकत जा, आमची सून खुळी आहे,' असं म्हणायला किती वेळ लागतो? आता कुणी शहाण्या माणसानं हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण इंदूला ते एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी ती ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेली आणि डबा ठेवून निघून येण्याऐवजी तिथल्या बाकावर पदर आवळून बसली. आज दळण डोळ्यांसमोर करून घ्यायचं, आणि सोपानरावांचा हात कुठं जातो ते बघायचं, असा तिचा बेत होता.

गिरणीत पिठाचा धुरळा उडत होता. सोपानराव भुवयांपर्यंत पांढरा. डब्यांची रांग लागली होती, पुढचे डबे निर्वासितांच्या कॅम्पातल्या बायकांचे, त्यांच्यात गहूच जास्त. गिरणीत दोन चक्क्या होत्या. एक डावीकडं, दाराजवळ, तिथं बाजरी भरडत होती. दुसरी उजवीकडं, नवी, तिच्यावर गहू चालू होता. इंदूच्या नंबराला सोपानरावांनी तिचा डबा उचलला, दाराजवळच्या चक्कीवरून पुढं नेला आणि उजवीकडच्या नव्या चक्कीवर ओतायला हात उंच केले.

"तिकडं कुठं?" इंदू उठून उभी राहिली. "ज्वारी आहे ती."

"ठाऊक हाय की, ताई." सोपानराव हसला. "ज्वारी-बाजरीची चक्की ती, दाराजवळची. तिच्यात मिसळू नको म्हणाला होता तुम्ही. तिच्यावर नाचणी येती, मका येतो, खडेमाती येती. ही चक्की नवी, दगडाला टाकी चांगली लावलेली. पीठ बघा कसं मऊसूत पडतंय. पोरीला सोसावं म्हणून तुमचं तेवढं मी हिच्यावर घालतो. दुसऱ्या कुणाचं घालत न्हाई."

"हिच्यावर काय दळता?"

"गहू. फक्त गहू. म्हणून तर स्वच्छ."

बोलता बोलता त्यानं ज्वारी ओतून मोकळा डबा नळीखाली सरकवला होता. इंदूनं खाली बघितलं. कापडी नळीच्या तोंडाशी आधीच्या बाईचं पीठ अजून सांडत होतं. तिच्या डब्यात ते पहिल्यांदा पिवळसर पडलं, मग हळूहळू ज्वारीचा रंग त्यात उतरू लागला. सोपानरावांनी नळीवर दोनदा चापट मारली, आतलं सगळं झटकून डब्यात पडावं म्हणून. ग्राहकाचं पीठ चक्कीत राहू द्यायचं नाही, असा त्याचा नेम होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तुम्ही सांगितल्यापासून. आजीबाई यायच्या तोवर त्यांचं साधं दळण असायचं, दाराजवळ टाकून द्यायचो. तुम्ही आलात आन् म्हणालात, वेगळं पाहिजे."

इंदू बाकावर बसली. सोपानरावांनी विचारलं, ताई, चक्कर आली का, पाणी देऊ का. तिनं मानेनंच नको म्हटलं. त्या भल्या माणसाला काय सांगणार? त्यानं तिचा शब्द पाळला होता. सासूच्या हातातून डबा काढून घेतला तेव्हापासून ती स्वतःच्या पायांनी चालत येऊन, स्वतःच्या तोंडानं सांगून, पोरीसाठी गव्हाची भेसळ झालेलं पीठ नेत होती. तिनं सगळ्यांवर संशय घेतला होता. सासूवर, नवऱ्यावर, शेजारणीवर, चार वर्षांच्या पोरीवरसुद्धा. एका बाईचा मात्र तिला कधी संशय आला नव्हता. ते दळण तिनं घरी नेलं नाही. गिरणीमागच्या उकिरड्यावर ओतलं आणि मोकळा डबा घेऊन चालू लागली, तेव्हा तिला रडू आवरेना.

त्याच आठवड्यात घरात जातं आलं. कधीही गहू न शिवलेलं नवं जातं वडाराकडून मारुतरावांनी आणलं. का आणायला सांगितलं, हे इंदूनं त्यांना लगेच सांगितलं नाही. गिरणीचं पीठ पोरीला सोसत नाही, एवढंच म्हणाली. ती रोज दळायला बसायची. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. शेवंताचं पोट आधी मऊ झालं, मग बसलं. संक्रांतीला ती तिळगुळाचा लाडू हातात घेऊन अंगणभर फिरली.

इंदूनं तेव्हाच जाऊन म्हातारीचे पाय धरायला हवे होते. धरले नाहीत. मनाचं असं असतं की ते हरतानाही वकिली सोडत नाही. चक्की दोषी होती हे खरं, पण म्हातारीनंही अधूनमधून दिलं नसेल कशावरून? दोन्ही मिळून झालं असेल. आता दोन्ही बंद झालं, म्हणून पोरगी सुधारली. हा हिशेब तिनं कितीतरी दिवस मनाशी घोळवला. मग एका दुपारी मारुतराव सहज म्हणाले, "आई गेल्यावर तर पोरगी जास्तच बिघडली होती, न्हाई का?" ते काही टोमणा मारत नव्हते. पण इंदूच्या हिशेबाचा तळच निघाला. तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि गिरणीतलं सगळं सांगून टाकलं.

मारुतराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर इंदूला बरं वाटलं असतं. "मग आईला कोण सांगणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मीच," इंदू म्हणाली.

शेवंताला घेऊन ती कुरुळीला उतरली तेव्हा खळ्यात कांद्याचा ढीग पडला होता. गवराबाई आणि धाकटी सून शालनबाई विळीवर पाती कापत बसल्या होत्या. शालनबाईनं जावेला बघून न बघितल्यासारखं केलं. सख्ख्या नातीला विष घालते असा आळ घेऊन घालवलेली सासू तिच्या दारात येऊन राहिली होती, आणि गावात त्याची चर्चा व्हायची ती होऊन गेली होती. गवराबाईंनी मात्र विळी बाजूला सारली आणि आधी पोरीकडं बघितलं. दंड चाचपला, गालाला बोट लावून बघितलं.

"खाती का?"

"खाते. भाकरी खाते, भात खाते."

"परसाकडंला?"

"एकदाच जाते. चांगली जाते."

म्हातारीनं मान हलवली. इंदू खाली बसली आणि गिरणीचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन चक्क्या, नवी चक्की, गव्हाचं नाव न काढणं, सगळं. सांगताना तिचा आवाज फुटला. "आत्याबाई, माझ्याच हातानं झालं. तुमच्यावर घातलं मी. मला माफ करा. घरी चला." तिनं पाय धरले. गवराबाईंनी पाय मागं घेतले नाहीत, आणि तिला उठवलंही नाही. त्यांनी ढिगातला एक कांदा ओढून त्याची वाळली पात हातानंच खुडून टाकली.

"तुला ठावं नव्हतं," शेवटी त्या म्हणाल्या. "आन् मीबी बोलून गेलीच व्हती, येवढ्याशानं काय हुतंय म्हून. पोरगी वाचली, झालं. बस, लुगडं घेऊन येती."

एवढ्या सहज सुटेल असं इंदूला वाटलं नव्हतं. एस.टी.त चढताना तिच्या उरावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. गाडी चाकणहूनच भरून आली होती. म्हातारीला आणि पोरीला मागच्या बाकावर जागा मिळाली, इंदू पुढं एका बाईशेजारी अवघडून बसली. मोशी येईपर्यंत तिला डुलकीही लागली. जाग आली ती मागून कुणाच्या तरी गोड आवाजानं. "घे गं बाळ, गूळपोळी हाय."

इंदूनं वळून बघितलं. गवराबाईंच्या शेजारच्या बाईनं फडक्यातून पोळी काढली होती. शेवंतानं हात पुढं केला होता. आणि ती पोळी गवराबाईंनी आपल्या हातात घेतली होती. इंदू कधी उठली ते तिचं तिला कळलं नाही. एक हात समोरच्या दांडीला, एक पाय वाटेतल्या बोचक्यावर, आणि ओठांवर आलेलं 'आत्याबाई, नको.'

गवराबाईंनी पोळीची नीट घडी घातली आणि त्या बाईच्या फडक्यात परत ठेवली. "आमच्या पोरीला गहू चालत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "डाक्टरानं सांगितलंय. जल्माचं पथ्य हाय." मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना अर्धवट उभी असलेली इंदू दिसली. तिचे डोळे दिसले.

"बस खाली," गवराबाई म्हणाल्या. "पडशील."

इंदू बसली. तिचे कान तापले होते. मोशीला गाडी थांबली, माणसं उतरली, तेव्हा मागच्या बाकावर जागा झाली आणि ती सासूशेजारी जाऊन बसली. शेवंता आजीच्या मांडीवर झोपली होती.

"एक सांगती," गवराबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "घरी गेल्याव पोरीला माझ्यापाशी एकटी सोडत जाऊ नगंस. पान्याला जाशील तर संगं ने. मला काय न्हाई, पर तुझा जीव थाऱ्यावर ऱ्हायाचा न्हाई."

'असं काय बोलता, आत्याबाई,' हे शब्द इंदूच्या तोंडाशी आले होते. तिनं ते म्हणून बघायचा मनापासून प्रयत्न केला. पण म्हातारी आता वळून तिच्याकडं बघत होती, आणि खोटं बोलायला तोंड उघडेना. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं."